बाबांचा स्ट्रोक, स्टेंटचा सल्ला आणि सेकंड ओपिनियन: कुणाकडे जावं, काय विचारावं?

शमिका_क

नमस्कार मंडळी. इतके दिवस इथे नुसतं वाचत होते, आज लिहायची वेळ आली.

बाबा ६७ वर्षांचे, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त. आई-बाबा कराडला, मी पुण्यात. बीपी आणि शुगर दोन्ही आहे, गोळ्या चालू होत्या. गौरीजेवणाच्या दिवशी पहाटे उठले तेव्हा उजवा हात-पाय हलत नव्हता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. झोपेतच झाल्यामुळे नक्की वेळ कुणालाच सांगता आली नाही, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार नाही असं सांगितलं गेलं. एमआरआयमध्ये रक्तपुरवठा बंद पडल्याचा, म्हणजे इस्केमिक स्ट्रोक आला. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. हात खांद्यातून थोडा उचलतो, बोटं मुठीसारखी वळलेली. आपण बोललेलं बऱ्यापैकी समजतं, बोलता मात्र येत नाही. 'हो', 'नाही', 'अगं' आणि एक शिवी एवढंच नीट येतं. (शिवी एकदम खणखणीत.)

प्रश्न पुढचा आहे. सीटी अँजिओत मानेतल्या उजव्या कॅरॉटिडमध्ये, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या नसेत, ७० टक्के ब्लॉकेज आलंय. डॉक्टर म्हणतात स्टेंट टाकून घ्या, उशीर नको, नाहीतर परत अटॅक येईल. एस्टिमेट अडीच लाखांचं. दादाचं म्हणणं, उजवी बाजू गेली, उजवीच नस खराब निघाली, मग थांबायचं कशाला? आई म्हणते, ज्यांनी जीव वाचवला त्यांना डावलून दुसरीकडे गेलो तर त्यांना काय वाटेल? मला दुसऱ्या कुणाला तरी दाखवावंसं वाटतंय. पण कुणाला? न्यूरोवाले, हृदयवाले, की मेंदूचे सर्जन? आणि दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर आम्ही कुणाचं धरायचं?

शिवाय सहा महिन्यांत जेवढं येईल तेवढंच, पुढे काही सुधारत नाही, असं सगळेच सांगतात. हे खरं आहे का?

गवतीचहा

शमिका, आधी स्वतः जेवत जा वेळेवर. आमच्या ह्यांना स्ट्रोक झाला त्याला बरीच वर्षं झाली, आता किराणा स्वतः आणतात. तेव्हा धीर सोडू नकोस.

दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून ने. आम्ही नागपूरला मोठ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मुश्किलीने मिळवली, त्यांनी फाइल उघडली आणि म्हणाले, "बोला, काय विचारायचंय?" माझे दीर म्हणाले, "बघा ना जरा." डॉक्टर तरी काय बघणार? त्यांनी बघितलं, चांगलं चाललंय म्हणाले आणि फी घेतली. पुढच्या वेळी मी वहीत तीन ओळी लिहून नेल्या, तर तेच डॉक्टर आमच्याशी केवढा वेळ बोलत बसले.

टेकडीवरचा

जरा उलट बोलतो, राग नसावा. सेकंड ओपिनियनला शेवट नसतो. आमच्या मामांना एकाने ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्याने नको, म्हणून तिसऱ्याकडे, मग कुणाच्या तरी ओळखीने चौथ्याकडे. प्रत्येक जण आधीच्याच्या गोळ्या बदलणार. त्या घोळात बीपीची गोळी बंद झालेली कुणाच्या लक्षातच आलं नाही. एक चांगला डॉक्टर धरा आणि विश्वास ठेवा. आणि व्यायाम काय, यूट्यूबवर सगळे आहेत, घरच्यांनीच करून घ्यायचे.

मेंदूबिंदू

मी एमडी मेडिसिन आहे, न्यूरोवाला नाही, आणि फोरमवर बसून कुणाची ट्रीटमेंट बदलत नाही. पण शमिका, तुमच्या पोस्टमधल्या एका गोष्टीपाशी मी थांबलो. एमआरआयचा रिपोर्ट काढा आणि इन्फार्क्ट (रक्ताविना मेलेला भाग) मेंदूच्या कुठल्या बाजूला लिहिलाय ते बघून इथे सांगा. डाव्या कॅरॉटिडबद्दल काय लिहिलंय तेही सांगा.

@टेकडीवरचा, गोळ्यांचं तुम्ही बोललात ते शंभर टक्के खरं. दुसऱ्याचं मत येईपर्यंत पहिल्याच्या गोळ्या जशाच्या तशा चालू ठेवायच्या. स्ट्रोकनंतर ॲस्पिरिन किंवा बीपीची गोळी मनानेच बंद करून आलेले पेशंट मी वॉर्डात पाहतो.

शमिका_क

एमआरआय: "लेफ्ट एमसीए टेरिटरी", डावीकडे. त्याखाली दोन-तीन छोटे वेगळे डाग लिहिलेत, तेही डावीकडेच. डावी कॅरॉटिड: "नो सिग्निफिकंट स्टेनोसिस". उजवी: "अप्रॉक्सिमेटली ७० पर्सेंट". म्हणजे काय?

मेंदूबिंदू

म्हणजे दादांचा हिशोब उलटा झालाय. बहुतेक घरांत होतो.

मेंदूचा डावा अर्धा भाग शरीराची उजवी बाजू हलवतो आणि बहुतेकांची भाषाही डावीकडेच असते. म्हणून बाबांचा उजवा हात-पाय आणि बोलणं एकदम गेलं. मानेतल्या नसा मात्र अशा उलट्या जात नाहीत. डावी कॅरॉटिड मेंदूच्या डाव्या भागाला रक्त देते, उजवी उजव्या. बाबांचा स्ट्रोक डावीकडे, अरुंद नस उजवीकडे. त्या नसेने हा स्ट्रोक केला असण्याची शक्यता फार कमी.

याने काय फरक पडतो? ज्या बाजूला स्ट्रोक झाला त्याच बाजूची कॅरॉटिड ७० टक्क्यांच्या वर अरुंद असेल, तर ती मोकळी करायची खरंच घाई असते. १९९१ सालच्या नॅसेट या अभ्यासापासून हे पक्कं आहे, आणि घटनेपासून दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर फायदा सर्वांत जास्त. पण ज्या नसेने अजून काहीच केलेलं नाही, तिला स्टेंट टाकायचा, शस्त्रक्रिया करायची की गोळ्यांवर ठेवायचं, यावर तज्ज्ञांमध्येही वाद आहेत. तुमचे डॉक्टर चुकीचं सांगतायत असं मी म्हणत नाही. ७० टक्के हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाहीच, आणि डॉक्टरांनी कदाचित 'पुढचा' स्ट्रोक टाळायचं म्हटलं असेल, तुम्हाला 'हाच' असं ऐकू आलं असेल. मात्र आज-उद्या निर्णय घ्यायलाच हवा अशी ही गोष्ट नाही.

खरा प्रश्न मागे राहतोय. हा स्ट्रोक झाला कशाने? डावीकडची नस स्वच्छ आहे आणि मेंदूत एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी डाग आहेत, तेव्हा गुठळी खालून, म्हणजे हृदयातून आली का हे शोधायला हवं. हृदयाचे ठोके अधूनमधून अनियमित होणं, एट्रियल फिब्रिलेशन, हे त्याचं नेहमीचं कारण. ते सतत असतंच असं नाही. ईसीजी काढला त्या मिनिटाला ठोके सरळ होते एवढंच त्यातून कळतं. २०१४ मध्ये क्रिस्टल-एएफ नावाचा अभ्यास आला, कारण न सापडलेल्या स्ट्रोकच्या पेशंटांवर. त्वचेखाली बसवलेल्या मॉनिटरने वर्षभरात १२.४ टक्के लोकांत हे सापडलं, नेहमीच्या तपासणीत फक्त २ टक्के लोकांत.

आणि सापडलं तर औषधाची जातच बदलते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांच्याऐवजी गुठळी होऊ न देणारं वेगळं औषध लागतं. उलट स्टेंट आधी टाकून बसलात, तर स्टेंटसाठी ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल काही काळ घ्यावंच लागतं, त्यावर हे तिसरं चढवायचं, म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढला. म्हणून आधी कारण, मग स्टेंट.

होल्टर, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावला होता का?

शमिका_क

नाही. टू-डी एको झाला, नॉर्मल. होल्टर हा शब्द फाइलमध्ये कुठेच नाही. मी हे दादाला वाचून दाखवलं, तो गप्प झाला. आता जायचं हे नक्की, कुणाकडे ते सांगा.

मेंदूबिंदू

न्यूरोलॉजिस्टकडे. स्वतः स्टेंट टाकणाऱ्याकडे पहिल्यांदा नको. ते लबाड असतात म्हणून नव्हे, ज्याच्या हाताला जे काम येतं त्याला ते आधी दिसतं. पुण्यात ससून, मुंबईत केईएम, नायर, सायन अशा कॉलेजच्या हॉस्पिटलांत न्यूरॉलॉजी विभाग आहेत, रांग लागते पण तिथे स्टेंटच्या पॅकेजचा कुणावर दबाव नसतो. खाजगीतही नीट वेळ देणारे भरपूर आहेत. विचारायचं एवढंच: या स्ट्रोकचं कारण काय ठरवलंत, ते ठरवायला अजून काय बाकी आहे, आणि उजव्या नसेचं काय व कधी करायचं. पहिल्यांचं मत काय होतं ते लगेच सांगू नका. फाइल द्या, त्यांना स्वतः ठरवू द्या, मग सांगा.

आणि या सगळ्यात परत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात पडला, एकदम झोक गेला, तर ओपिनियन-बिपिनियन सोडून १०८. वेळ बघून ठेवायची. इंजेक्शनची मुदत साडेचार तास, मोठ्या नसेतली गुठळी तारेने काढायची सोय निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत.

फायलीबाबू

कागदपत्रांचं मी सांगतो, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये आयुष्य गेलंय.

डिस्चार्ज कार्डवर भागत नाही. केसपेपरची पूर्ण प्रत मागा आणि एमआरआय, सीटी अँजिओच्या सीडी मागा. फिल्म नको, सीडी. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीवर सगळी, डायकॉम स्वरूपात. दुसऱ्या डॉक्टरला रिपोर्टमधली दोन वाक्यं नको असतात, चित्रं स्वतः बघायची असतात. ७० टक्के हा आकडाही कुणी कसा मोजला यावर बदलतो.

अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेतला हक्क आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये नर्सिंग होमचे नियम बदलले तेव्हा हॉस्पिटलात रुग्णहक्कांची सनद लावणंही त्यात आलं. बहुतेक ठिकाणी ती जिन्याखाली असते, शोधून वाचा.

'सेकंड ओपिनियनसाठी' असं अर्जात स्पष्ट लिहा. इन्शुरन्ससाठी वगैरे खोटं सांगू नका. डॉक्टरला काही वाटत नाही हो, वाटतं ते काउंटरवरच्या माणसाला.

झुळूक

माझ्या चुलत सासऱ्यांना वारं गेलं होतं तेव्हा मुंबईत एका ठिकाणी स्टेम सेलचं विचारलं होतं, साडेतीन लाख सांगितले होते. कुणाला अनुभव? गावाकडचे पारव्याचं रक्त चोळा म्हणून मागे लागले होते, ते मात्र आम्ही ऐकलं नाही.

मेंदूबिंदू

पारव्यात निदान साडेतीन लाख जात नाहीत. उपयोग दोन्हीकडे सारखाच.

स्टेम सेलवर आपल्याच देशात नीट अभ्यास झालाय, २०१४ मध्ये छापून आला. पाच केंद्रं, १२० पेशंट, निम्म्यांना स्वतःच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या. धोका फारसा नव्हता, फायदाही दिसला नाही. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीतल्या पेशंटकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. कुणी लाखात बिल सांगितलं की तिथेच उठायचं.

ओघात आलंय म्हणून: सिटिकोलिनच्या गोळ्या स्ट्रोकनंतर सर्रास लिहिल्या जातात. २०१२ च्या इक्टस या मोठ्या अभ्यासात त्यांचा फायदा दिसला नव्हता. अपाय नाही, पण पैसे मोजके असतील तर ते फिजिओवर घाला. हाही प्रश्न दुसऱ्या डॉक्टरला विचारा: यातल्या कुठल्या गोळ्या खरंच लागतात?

सांधेजोड

फिजिओथेरपिस्ट, मुंबई. उशिरा आलो.

सगळा धागा स्टेंटवर गेला. अहो, पुढचा स्ट्रोक टाळणं वेगळं आणि झालेल्यातून माणूस बाहेर काढणं वेगळं. दुसऱ्या कामासाठीही सेकंड ओपिनियन घेतात हे लोकांना माहीतच नसतं. न्यूरोलॉजिस्ट 'फिजिओ चालू ठेवा' एवढंच लिहितो. काय चालू ठेवायचं? घरी येणारा मुलगा अर्धा तास हात वरखाली करून जातो, पेशंट पडून. त्याला व्यायाम म्हणत नाहीत. पेशंटने स्वतः, कामासाठी, पुन्हा पुन्हा हालचाल केली तरच मेंदू शिकतो: पेला उचल, शर्टाचं बटण लाव, खुर्चीतून ऊठ.

सहा महिन्यांचं: सुरुवातीच्या तीन महिन्यांत वेग सर्वांत जास्त, पुढे मंदावतो, हे खरं. दार बंद होतं हे खोटं. चांगला हात बांधून दुर्बळ हाताकडून काम करून घ्यायची पद्धत आहे, तिचा २००६ चा एक्साइट अभ्यास स्ट्रोकनंतर तीन ते नऊ महिन्यांच्या पेशंटांवरच होता आणि हात सुधारले. मात्र मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता आली पाहिजेत, म्हणून बाबांना ती आज लागू होईलच असं नाही. बोटं घट्ट वळत चालली असतील तर रिहॅबच्या डॉक्टरला दाखवा. स्प्लिंट (हात सरळ धरून ठेवणारा आधार), गरज पडली तर स्नायू सैल करणारं बोट्युलिनमचं इंजेक्शन, हे त्यांचं क्षेत्र. मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था सरकारी आहे, तिथे फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच, कॅलिपर-स्प्लिंट सगळं एका छताखाली मिळतं. बोलण्यासाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था.

उजव्या हाताला धरून त्यांना ओढून उठवू नका, काखेत हात घालूनही नाही. खांदा निखळतो आणि मग दुखण्यामुळे व्यायामच बंद पडतो. पाहुण्यांनाही सांगा, प्रेमाने तोच हात ओढतात.

@टेकडीवरचा, 'घरच्यांनीच करून घ्यावं' याची भारतात परीक्षाच झाली आहे. अटेंड नावाचा अभ्यास, १४ हॉस्पिटलं, १२५० पेशंट, २०१७ मध्ये प्रसिद्ध. घरच्यांना शिकवून घरी व्यायाम करून घेतला, सहा महिन्यांनी बघितलं तर नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक नाही. घरचे हवेतच. पण आई बाबांना जेवू घालणार, आंघोळ घालणार, आणि थेरपिस्टही तीच? ती आडवी पडेल.

टेकडीवरचा

मान्य. यूट्यूबचं मागे घेतो. मामांचं नाही घेत.

डावखुरी_आता

मला झाला. मी ४४ ची होते. शाळेत गणित शिकवायचे. आता डाव्या हाताने टाइप करते, हळू. म्हणून छोटी वाक्यं.

बाबांना समजतं सगळं. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल 'यांना' 'त्यांना' करून बोलू नका. डॉक्टरकडे न्याल तेव्हा खुर्ची त्यांची पुढे. दोन ओपिनियन घ्यायची का, स्टेंट टाकायचा का, हे त्यांना विचारलंत का? बोलता येत नाही म्हणजे मत नाही असं नाही.

हो-नाही सांभाळून. मला 'हो' म्हणायचं असायचं आणि तोंडातून 'नाही' यायचं. मान बघायची. कागदावर टिक आणि फुली काढायची, बोट ठेवू द्यायचं. एका वेळी एकच प्रश्न.

वाक्य पुरं करू नका त्यांचं. थांबा. मला शब्द सापडायला आला की नवरा पटकन सांगून टाकायचा. शब्द पळायचा.

थकवा येतो. आळस नाही तो. पाहुणे दोन आले की मी संपते. टीव्ही बंद असेल तर बोलता येतं.

रडू येतं कारण नसताना. हसूही. औषध असतं त्याला, डॉक्टरला सांगायचं. माझ्या घरी सगळे म्हणाले मनाला लावून घेतलंय.

शिवी स्पष्ट येते ना? आकडे, आरत्या पण येतील. म्हणून बघा. मला पाढे आले आधी. नवऱ्याचं नाव नंतर.

शमिका_क

@डावखुरी_आता, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. दोघी रडलो. नाही, बाबांना विचारलंच नव्हतं.

दादाने संध्याकाळी बाबांना गंमत म्हणून विचारलं, साताऱ्याची गाडी कुठून कुठून जाते? बाबा म्हणाले, "उंब्रज, अतीत, नागठाणे, सातारा." धाड धाड. नंतर 'पाणी' म्हणता येईना म्हणून चिडले.

सांधेजोड

हेच धरा! पाठ असलेलं, सुरात येणारं बोलणं मेंदू वेगळ्या वाटेने आणतो. त्यातून मुद्दाम बोलण्याकडे कसं न्यायचं हे स्पीच थेरपिस्टचं कौशल्य. 'उंब्रज' म्हणून थांबायचं, पुढचं त्यांना भरू द्यायचं, मग चुकीचं गाव सांगायचं आणि त्यांना दुरुस्त करू द्यायचं. थेरपिस्ट मराठी बोलणारा शोधा, व्हिडिओ कॉलवर चालेल. इंग्रजी चित्रांच्या तक्त्यावर कराडच्या माणसाला पाइनॅपल विचारत बसणारे मी पाहिलेत.

शमिका_क

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, धावपळीत राहून गेलं.

सीडी मिळाल्या. काउंटरवर दोनदा परत पाठवलं, फायलीबाबूंच्या सांगण्याप्रमाणे लेखी अर्ज दिल्यावर काम झालं. पहिल्या डॉक्टरांना आईसमोरच सांगितलं की दुसरं मत घेतोय. ते म्हणाले, "घ्या की, काय सांगतात ते मलाही कळवा." आईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

पुण्याच्या न्यूरोलॉजिस्टनी चित्रं स्वतः बघितली. उजवी नस त्यांच्या मोजणीत थोडी कमी अरुंद भरली. म्हणाल्या, हा स्ट्रोक हिचा नाही. २४ तासांचा होल्टर नॉर्मल आला, तेव्हा दादा म्हणाला झालं, संपलं. पण त्यांनी ठोके नोंदवणारा जास्त दिवसांचा पॅच लावला आणि त्यात ठोके अनियमित होण्याचे झटके सापडले, सगळे रात्रीचे. औषधं बदलली. कुठली बंद आणि कुठली चालू ते मुद्दाम लिहीत नाही, कुणीतरी तशीच घेईल. स्टेंट सध्या नाही. कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर कडक ठेवायची आणि ठरावीक काळाने डॉपलर, म्हणजे मानेतल्या नसांची सोनोग्राफी. बाबांना टिक-फुलीच्या कागदावर विचारलं, त्यांनी फुलीवर बोट ठेवलं, दोनदा.

पहिल्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. पॅचचं त्यांना लगेच पटलं, स्टेंटबद्दल अजून त्यांचं मत आहे की वर्षभरात विचार करावा. दोघांची फोनवर गाठ घालून दिली आहे. दादा अजून पहिल्यांच्या बाजूने, मी दुसऱ्यांच्या, आणि तसंच राहणार असं दिसतंय.

हाजीअलीला एक फेरी झाली, हाताचा स्प्लिंट मिळाला. स्पीच थेरपी ऑनलाइन सुरू आहे.

आता नवीन भानगड. बाबा स्कूटरची किल्ली शोधतायत. उजवा पाय बरा झालाय म्हणतात (म्हणजे पाय आपटून दाखवतात). देऊ का नाही?

सांधेजोड

नाही. उजव्या हाताने ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, तो हात अजून मूठ सोडत नाही. शिवाय डावीकडच्या स्ट्रोकमध्ये कधी कधी नजरेचा उजवा भागच दिसत नाही आणि माणसाला ते कळतही नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडून व्हिज्युअल फील्ड तपासून घ्या.

किल्ली आईच्या डब्यात टाका.

शमिका_क

आईच्याच डब्यात होती. तिथूनच शोधून काढली त्यांनी.

फायलीबाबू

मग शेजाऱ्यांकडे द्या. आणि दिव्यांगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करून ठेवा. ४० टक्के किंवा जास्त भरलं तर सवलती मिळतात, एसटीच्या तिकिटातसुद्धा.